सेफ क्लस्टर: एक सर्व्हर गेला तरी लिहिणं न थांबणारं स्टोरेज कसं उभारायचं

तीन सर्व्हर घेतले, डेटाच्या तीन प्रती ठेवल्या, की स्टोरेज ‘हायली अव्हेलेबल’ झालं असं बरेच जण धरून चालतात. प्रतींची संख्या हा या कामातला सगळ्यांत सोपा भाग आहे. एक सर्व्हर गेल्यावर उरलेल्यांवर लिहिणं चालू राहतं का, गेलेली प्रत पुन्हा तयार करायला जागा शिल्लक आहे का, आणि कोणकोणत्या प्रती एकाच कारणाने एकदम जाऊ शकतात, या तीन प्रश्नांची उत्तरं खरेदीच्या आधीच हातात हवीत. पुढची सगळी मांडणी याच प्रश्नांभोवती आहे.

हा लेख सेफ या ओपन सोर्स प्रणालीवर आहे. सेज वाइल यांच्या सांताक्रूझ इथल्या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या संशोधनातून ती निघाली. आज ती २०१८ साली लिनक्स फाउंडेशनच्या छत्राखाली स्थापन झालेल्या सेफ फाउंडेशनच्या आधाराने चालते, त्यामुळे एखाद्या कंपनीचा विचार बदलला म्हणून ती बंद पडण्याची भीती कमी. ब्लॉक डिव्हाइस (मशीनला साध्या डिस्कसारखी दिसणारी जागा), फाइल सिस्टिम आणि ऑब्जेक्ट स्टोरेज (नावाने ठेवायचे-काढायचे डेटाचे गठ्ठे) या तिन्ही गोष्टी एकाच क्लस्टरवर, म्हणजे एकत्र काम करणाऱ्या सर्व्हरांच्या गटावर, मिळतात.

दोनच सर्व्हर असतील तर मात्र सेफच्या वाटेला जाऊ नका. तिथे डीआरबीडी जास्त योग्य. ते एका ब्लॉक डिव्हाइसची नेटवर्कवरून हुबेहूब प्रत ठेवतं, २.६.३३ पासून लिनक्स कर्नलमध्येच आहे, आणि त्याच्या नवव्या आवृत्तीत डिस्क नसलेलं तिसरं छोटं मशीन फक्त मतापुरतं जोडता येतं. ते तिसरं मत घ्याच. नाहीतर मधली केबल तुटल्यावर दोन्ही बाजू स्वतःला मुख्य समजून लिहीत बसतात आणि नंतर कोणाचा डेटा खरा ते हाताने ठरवावं लागतं.

एक सूचना: कमांड इथे उच्चारानुसार दिल्या आहेत. टर्मिनलवर त्या अर्थातच इंग्रजी अक्षरांत टाइप करायच्या.

आत काय चालतं, तेवढंच

मॉनिटर, म्हणजे मॉन, क्लस्टरचा नकाशा सांभाळतात: कोण जिवंत, कोण बंद, डेटा कुठे. निर्णय बहुमताने होतात. तीन मॉनपैकी दोन, पाचपैकी तीन चालू हवेत. चार मॉन ठेवले तर बहुमताला तीन लागतात, म्हणजे तेव्हाही एकच गेलेला चालतो. म्हणून विषम संख्या.

ओएसडी ही प्रत्येक डिस्कमागे चालणारी एक प्रक्रिया. मॅनेजर आकडेवारी, डॅशबोर्ड आणि क्लस्टरची मांडणी बघतो. तो एका वेळी एकच सक्रिय असतो, दुसरा तयारीत.

डेटा लहान ऑब्जेक्टमध्ये तुकडे होऊन पडतो. ब्लॉक डिव्हाइससाठी हा तुकडा मुळात ४ एमबीचा असतो. ऑब्जेक्टच्या नावावरून त्याचा प्लेसमेंट ग्रुप, म्हणजे पीजी, ठरतो आणि क्रश नावाचा अल्गोरिदम तो पीजी कोणत्या ओएसडींवर ठेवायचा ते गणिताने काढतो. मध्ये कुठलाही पत्त्यांचा तक्ता नाही, त्यामुळे क्लायंट थेट योग्य ओएसडीशी बोलतो. क्रशला ‘फेल्युअर डोमेन’ सांगितलेलं असतं. मुळात ते ‘होस्ट’ आहे, म्हणजे एकाच सर्व्हरवर एकाच पीजीच्या दोन प्रती येणार नाहीत.

पूल म्हणजे एकाच नियमाने ठेवलेल्या डेटाचा कप्पा. त्याच्या दोन सेटिंग नीट समजून घ्या. ‘साइज’ ३ म्हणजे तीन प्रती. ‘मिन-साइज’ २ म्हणजे निदान दोन प्रती चालू असतील तरच वाचायला-लिहायला परवानगी. दोन सर्व्हर गेले की स्टोरेज थांबतं, आणि ते थांबायलाच हवं. अडचणीच्या वेळी मिन-साइज १ करण्याचा मोह होतो. तो केला तर काय होतं बघा. उरलेल्या एकाच प्रतीवर, समजा ओएसडी ५ वर, नव्या नोंदी लिहिल्या गेल्या. थोड्या वेळाने ओएसडी ५ ची डिस्क गेली आणि आधी बंद पडलेले ओएसडी २ आणि ९ परत आले. त्यांच्याकडे जुना डेटा आहे. मधल्या काळात काहीतरी लिहिलं गेलं होतं हे सेफला ठाऊक असतं, म्हणून तो पीजी चालू न करता ओएसडी ५ ची वाट बघत अडून राहतो. ती डिस्क खरोखर मेली असेल तर त्या नोंदी गेल्या. साइज २ चे पूलही याच रस्त्याने जातात. दोन प्रतींमध्ये वाचलेले पैसे पहिल्याच दुहेरी बिघाडात बुडतात.

जागेचा हिशेब

इथेच बहुतेक क्लस्टर चुकतात, म्हणून जरा सावकाश.

समजा तीन सर्व्हर, प्रत्येकात ४ टीबीच्या चार डिस्क. एकूण ४८ टीबी, तीन प्रतींमुळे वापराला १६ टीबी. पण सेफचे तीन उंबरठे आहेत: एखादा ओएसडी ८५ टक्के भरला की इशारा येतो, ९० टक्क्यांवर त्याच्यावर नवी प्रत भरणं थांबतं, ९५ टक्क्यांवर लिहिणंच बंद होतं. हे उंबरठे प्रत्येक ओएसडीला लागू होतात. सरासरी ७० टक्के असून एकच डिस्क ९५ वर गेली, तरी तिच्यामुळे त्या पूलमध्ये लिहिणं अडतं.

आता एका सर्व्हरमधली एक डिस्क गेली. फेल्युअर डोमेन होस्ट आहे आणि सर्व्हर तीनच आहेत, त्यामुळे तिच्यावरच्या प्रती दुसऱ्या कुठल्याही सर्व्हरवर जाऊ शकत नाहीत. तिथे त्या पीजीची प्रत आधीच आहे. म्हणजे सगळा भार त्याच सर्व्हरच्या उरलेल्या तीन डिस्कवर. आधी त्या ६० टक्के भरलेल्या असतील तर ८० होतील, निभावेल. ७० टक्के असतील तर ९३ च्या पुढे जायला हवं, पण ९० वर भरणं थांबेल आणि क्लस्टर अर्धवट अवस्थेत अडकेल. प्रत्येक सर्व्हरमध्ये दोनच डिस्क असतील तर ४३ टक्क्यांवरच ८५ चा उंबरठा गाठला जातो. म्हणून मोठ्या दोन डिस्कपेक्षा लहान चार किंवा सहा डिस्क बऱ्या.

आणि सर्व्हरच गेला तर? तीन सर्व्हरचा क्लस्टर दोन प्रतींवर चालू राहील, पण तिसरी प्रत उभी करायला चौथी जागाच नाही. तो सर्व्हर दुरुस्त होईपर्यंत तुम्ही पुढच्या एका बिघाडावर उभे. चौथा सर्व्हर असेल तर सेफ काही न विचारता तीन प्रती पुन्हा पूर्ण करतो. त्यासाठी हिशेब असा: चार सर्व्हर म्हणजे ६४ टीबी, एक गेल्यावर ४८, त्याचे ८५ टक्के ४०.८, भागिले तीन म्हणजे १३.६ टीबी खरा डेटा. डिस्क सगळ्या अगदी सारख्या भरत नाहीत, म्हणून ६० टक्के ही रेघ धरा. तीन सर्व्हरवर ९.६ टीबी, चारवर १२.८ टीबी.

आमचं मत स्पष्ट आहे: तीन सर्व्हर हे शिकायला आणि छोट्या कामाला ठीक, पण ज्या डेटावर इतरांचं काम अडतं त्यासाठी चार ही सुरुवात. इरेजर कोडिंगने (पूर्ण प्रतींऐवजी डेटाचे तुकडे आणि त्यांवरून काढलेले जादा तुकडे ठेवून) जागा वाचते हे खरं, पण ४ अधिक २ ची (चार डेटाचे, दोन जादा तुकडे) रचना होस्ट डोमेनसह करायला निदान सहा सर्व्हर लागतात. लहान क्लस्टरमध्ये त्याच्या नादी लागू नका.

सर्व्हर, डिस्क, नेटवर्क

मेमरी: प्रत्येक ओएसडीचं मूळ लक्ष्य ४ जीबी असतं आणि ती कडक मर्यादा नाही, रिकव्हरीच्या (गेलेल्या प्रती पुन्हा भरण्याच्या) वेळी ओलांडली जाते. चार ओएसडी, मॉन, मॅनेजर आणि ऑपरेटिंग सिस्टिम मिळून ३२ जीबी घ्या. त्याच मशीनवर व्हर्च्युअल मशीनही चालवणार असाल तर लक्षात ठेवा की सेफएडीएम (क्लस्टर उभारायचं आणि चालवायचं साधन) आपोआप सर्व्हरची ७० टक्के मेमरी सेफच्या प्रक्रियांची धरून वाटणी करतं. हे गुणोत्तर ०.२ वर आणलं नाही तर व्हर्च्युअल मशीन मेमरीअभावी मरायला लागतात आणि दोष भलतीकडेच शोधला जातो.

डिस्क: सेफ प्रत्येक लेखन डिस्कवर पक्कं झाल्याशिवाय ‘झालं’ म्हणत नाही. त्यामुळे एसएसडीला पॉवर लॉस प्रोटेक्शन हवंच. त्या प्रकारच्या एसएसडीत कपॅसिटर असतात, वीज गेली तरी कॅशमधलं उतरवायला वेळ मिळतो, म्हणून ती लगेच ‘पक्कं’ असं उत्तर देऊ शकते. घरगुती वापराची एसएसडी जाहिरातीत लाखो आयओपीएस (सेकंदाला होणारी वाचनं-लेखनं) दाखवते, पण इथे काही शे किंवा हजार-दोन हजारांवर येते. विकत घेण्याआधी एक नग तपासा: एफआयओ या डिस्क-चाचणीच्या साधनात डायरेक्ट १, सिंक १, ब्लॉक ४ केबी, आयओ-डेप्थ १, जॉब १ आणि नुसतं लेखन. या चाचणीत दहा हजारांच्या वर आकडा आला तर ती डिस्क कामाची. चाचणी कच्च्या डिव्हाइसवर केली तर डिस्कवरचं सगळं पुसलं जातं, हे विसरू नका.

फिरत्या डिस्क घेतल्या तर एसएमआर प्रकारच्या (एकमेकांवर चढलेल्या पट्ट्यांत लिहिणाऱ्या) टाळा. सलग मोठ्या लेखनात त्यांचा वेग इतका पडतो की रिकव्हरी चालू असताना ओएसडी ‘मेला’ असं बाकीच्यांना वाटायला लागतं. फिरत्या डिस्कसोबत ब्लूस्टोअरचा (ओएसडी ज्या पद्धतीने डिस्कवर डेटा ठेवतो तिचा) डेटाबेस एसएसडीवर ठेवता येतो. साधारण डिस्कच्या १ ते ४ टक्के जागा द्या. मात्र एका एसएसडीवर चार डिस्कचे डेटाबेस ठेवले की ती एसएसडी गेल्यावर चारही ओएसडी जातात. वरचा जागेचा हिशेब तेव्हा चारही डिस्क धरून करावा लागेल.

हार्डवेअर रेडच्या (अनेक डिस्क एकच भासवणाऱ्या कंट्रोलरच्या) मागे सेफ ठेवू नका. कंट्रोलर साध्या एचबीए मोडमध्ये टाका, म्हणजे प्रत्येक डिस्क आणि तिची स्मार्ट माहिती (डिस्कच्या तब्येतीचा अहवाल) सेफला थेट दिसेल.

नेटवर्क: १० गिगाबिट हा पाया. ४ टीबीच्या ६० टक्के भरलेल्या डिस्कवर २.४ टीबी डेटा असतो. १ गिगाबिटच्या तारेतून सेकंदाला ११० एमबीच्या आसपास जातं, म्हणजे ती एक डिस्क भरून यायला सहा तास, आणि त्या सहा तासांत क्लायंटसाठी तार जवळजवळ उरतच नाही. दोन स्विच, प्रत्येक सर्व्हरमधून प्रत्येक स्विचला एक केबल. स्विच एकमेकांना ओळखणारे नसतील तर बाँडिंग (दोन केबल एकच जोडणी म्हणून वापरणं) ‘ॲक्टिव्ह-बॅकअप’ ठेवा. एलएसीपी (दोन्ही केबल एकदम वापरणारी पद्धत) दोन स्वतंत्र स्विचवर चालत नाही, त्यासाठी दोघांमध्ये एमएलएजी (दोन स्विचना एकच भासवणारी सोय) हवं.

वीजही अशीच बघा. सगळे सर्व्हर एकाच यूपीएसवर असतील तर तीन प्रती एकदम जातात. दोन पॉवर सप्लाय, दोन वेगळ्या वाटा.

उभारणी

पहिलं काम नावं आणि घड्याळ. चारही सर्व्हरवर एकसारखं लिनक्स, पायथन ३, पॉडमन किंवा डॉकर (कंटेनर चालवायला), एलव्हीएम (डिस्कची जागा वाटायला) आणि क्रोनी (घड्याळ जुळवायला) टाका. मॉनच्या घड्याळांत ०.०५ सेकंदांहून जास्त फरक पडला की ‘क्लॉक स्क्यू’चा इशारा येतो, आणि फरक वाढत गेला तर बहुमत टिकवणं अवघड होतं. सगळ्यांना एकाच वेळ-सर्व्हरकडे वळवा. प्रत्येक मशीनवर ‘होस्टनेम’ कमांड जे नाव दाखवते तेच नाव पुढे क्लस्टरला द्यायचं. एका ठिकाणी छोटं नाव आणि दुसरीकडे डोमेनसह लांब नाव झालं की सर्व्हर जोडतानाच अडतं. फायरवॉलमध्ये मॉनसाठी ३३०० आणि ६७८९, बाकीच्यांसाठी ६८०० ते ७५६८ हे पोर्ट उघडा.

उदाहरणासाठी सर्व्हरांची नावं एन१ ते एन४, पत्ते १०.१०.१.११ ते १०.१०.१.१४, आणि ओएसडींच्या आपसातल्या वाहतुकीसाठी वेगळं नेटवर्क १०.१०.२.०/२४. हे वेगळं नेटवर्क ऐच्छिक आहे. दुसरी खरी तार नसेल तर ते करूच नका. एकाच केबलवर दोन नावं देऊन काही मिळत नाही, आणि एक बाजू बंद आणि दुसरी चालू अशा विचित्र अवस्था वाढतात.

एमटीयू (नेटवर्कवरच्या एका पाकिटाचा जास्तीत जास्त आकार) ९००० ठेवणार असाल तर प्रत्येक जोडीमध्ये ८९७२ बाइटचा, तुकडे न होणारा पिंग करून बघा. एका स्विच पोर्टवर १५०० राहिलं असेल तर साधा पिंग छान जातो, लॉगिन होतं, आणि मोठी पाकिटं गुपचूप हरवतात. पीजी ‘पीअरिंग’मध्ये (प्रती आपसात जुळवून घेण्याच्या टप्प्यात) अडकून बसतात आणि दिवस वाया जातो.

मग एन१ वर सेफएडीएम टाका. हे साधन २०२० च्या ऑक्टोपस आवृत्तीपासून आलं आणि सेफचे सगळे भाग कंटेनरमध्ये चालवतं. कमांड: ‘सेफएडीएम बूटस्ट्रॅप’, सोबत ‘मॉन-आयपी’ म्हणून १०.१०.१.११ आणि ‘क्लस्टर-नेटवर्क’ म्हणून वरचं दुसरं नेटवर्क. काही मिनिटांत एक मॉन आणि एक मॅनेजर उभा राहतो, ८४४३ पोर्टवर डॅशबोर्ड सुरू होतो आणि पासवर्ड शेवटी पडद्यावर येतो. ‘ईटीसी’मधल्या ‘सेफ’ फोल्डरमध्ये कॉन्फिगरेशन, ॲडमिनची किल्ली आणि ‘सेफ.पब’ ही एसएसएचची सार्वजनिक किल्ली तयार झालेली असते.

‘एसएसएच-कॉपी-आयडी’ने सेफ.पब बाकी तीन सर्व्हरांच्या रूटला पाठवा आणि मग ‘सेफ ऑर्क होस्ट ॲड एन२ १०.१०.१.१२’ अशा रीतीने एकेक जोडा. एन२ ला ‘_ॲडमिन’ हे लेबलही द्या. ॲडमिनची किल्ली फक्त लेबल असलेल्या सर्व्हरवर जाते. ती नुसती एन१ वर असेल आणि एन१ च गेला, तर क्लस्टर चालू असूनही त्याला एक कमांड देता येत नाही.

मॉन किती आणि कुठे हे स्वतः सांगा: ‘सेफ ऑर्क अप्लाय मॉन’ आणि पुढे एकाच अवतरणात ‘एन१,एन२,एन३’. ही कमांड प्रत्येक सर्व्हरसाठी वेगळी चालवली तर शेवटची आधीच्या सगळ्या पुसते आणि एकच मॉन उरतो. न सांगता सोडलं तर सेफएडीएम पाचपर्यंत मॉन लावायला बघतं, म्हणजे इथे चार होतात.

आता डिस्क. ‘सेफ ऑर्क डिव्हाइस एलएस’मध्ये प्रत्येक डिस्कपुढे ती उपलब्ध आहे की नाही ते दिसतं. पार्टिशन, जुनी फाइल सिस्टिम किंवा एलव्हीएमची खूण असेल, किंवा डिस्क ५ जीबीपेक्षा लहान असेल तर सेफ तिला हात लावत नाही. जुनी डिस्क साफ करायला ‘सेफ ऑर्क डिव्हाइस झॅप’, सर्व्हर आणि डिव्हाइसचं नाव, शेवटी ‘फोर्स’. नाव दोनदा वाचा, हे परत फिरवता येत नाही.

‘सेफ ऑर्क अप्लाय ओएसडी’ला ‘ऑल-अव्हेलेबल-डिव्हायसेस’ दिलं की सगळ्या मोकळ्या डिस्क एका झटक्यात लागतात. पण ही एकदाच होणारी गोष्ट नाही, तो कायमचा नियम बनतो. पुढे कधी तपासणीसाठी एखादी डिस्क पुसली तर काही क्षणांत ती पुन्हा ओएसडी झालेली दिसते. सगळ्या लावून झाल्यावर तीच कमांड ‘अनमॅनेज्ड=ट्रू’सह चालवा, म्हणजे नियम थांबतो. किंवा सुरुवातीपासून ‘सेफ ऑर्क डिमन ॲड ओएसडी’ने एकेक डिस्क नाव घेऊन जोडा. सोळा डिस्कसाठी तेवढा वेळ द्यायला हरकत नाही. शेवटी ‘सेफ ओएसडी ट्री’ बघा: चार सर्व्हर, प्रत्येकाखाली चार ओएसडी, सगळे ‘अप’.

पूल: ‘सेफ ओएसडी पूल क्रिएट व्हीएम’, मग ‘आरबीडी पूल इनिट व्हीएम’ (आरबीडी म्हणजे सेफचं ब्लॉक डिव्हाइस). पूल मोठा होणार हे माहीत असेल तर तयार करतानाच ‘बल्क’ द्या. नाहीतर ऑटोस्केलर (पीजींची संख्या ठरवणारा भाग) थोड्या पीजींनी सुरू करतो आणि डेटा वाढल्यावर त्यांची फोड करत सगळीकडे हलवाहलव करतो. ‘सेफ ओएसडी पूल गेट व्हीएम साइज’ आणि ‘मिन-साइज’ या दोन्हींची उत्तरं ३ आणि २ आहेत याची खात्री करा.

क्लायंटला ॲडमिनची किल्ली कधीही देऊ नका. ‘सेफ ऑथ गेट-ऑर-क्रिएट’ने वेगळा वापरकर्ता काढा, मॉनसाठी ‘प्रोफाइल आरबीडी’ आणि ओएसडीसाठी ‘प्रोफाइल आरबीडी पूल=व्हीएम’ इतकाच अधिकार द्या. मग ‘आरबीडी क्रिएट’ने इमेज (म्हणजे आभासी डिस्क), ‘आरबीडी मॅप’ने ती मशीनवर, आणि तिच्यावर नेहमीसारखी एक्सएफएस. कर्नल ५.३ पेक्षा जुना असेल तर मॅप करताना ‘फीचर सपोर्ट नाही’ असा नकार येतो. त्या इमेजचे ऑब्जेक्ट-मॅप, फास्ट-डिफ आणि डीप-फ्लॅटन हे गुण ‘आरबीडी फीचर डिसेबल’ने काढले की काम होतं.

एक इमेज दोन मशीनवर एकाच वेळी माउंट करू नका. एक्सएफएस आणि ईएक्सटी४ यांना दुसरं कोणी लिहितंय हे कळतच नाही आणि फाइल सिस्टिम काही मिनिटांत नासते. इमेजवरचं एक्सक्लुझिव्ह-लॉक हे थांबवत नाही, ते लॉक मागितल्यावर दुसऱ्याला दिलं जातं. अनेक मशीनना एकच फोल्डर हवं असेल तर ‘सेफ एफएस व्हॉल्यूम क्रिएट’ने सेफएफएस घ्या. एका मशीनकडून दुसऱ्याकडे इमेज न्यायची असेल आणि पहिलं मशीन उत्तर देत नसेल, तर आधी त्याचा पत्ता ‘सेफ ओएसडी ब्लॉकलिस्ट ॲड’ने बंद करा, मगच दुसरीकडे माउंट करा. गोठलेलं मशीन मेलेलं असेलच असं नाही.

मुद्दाम बिघडवून बघा

खरा डेटा टाकण्यापूर्वी एका क्लायंटवर एफआयओ चालू ठेवा आणि पुढचे बिघाड एकेक करून घडवा. प्रत्येकानंतर ‘सेफ -एस’मध्ये सगळे पीजी ‘ॲक्टिव्ह+क्लीन’ होईपर्यंत थांबा.

एक ओएसडी बंद करा. प्रक्रिया मेली पण मशीन जिवंत आहे, त्यामुळे तिथून ‘कनेक्शन नाकारलं’ असं लगेच कळतं आणि क्लायंटला जेमतेम झटका बसतो. पीजी ‘ॲक्टिव्ह+अंडरसाइज्ड+डिग्रेडेड’ दिसतील. ‘ॲक्टिव्ह’ हा शब्द आहे तोवर काम चालू आहे.

मग सर्व्हरची वीज ओढा. शटडाउन कमांड नको, केबलच काढा. इथे फरक दिसतो. ओएसडी एकमेकांना सरासरी ६ सेकंदांनी हाक देतात आणि २० सेकंद उत्तर आलं नाही की तक्रार करतात. दोन वेगवेगळ्या सर्व्हरांकडून तक्रार आल्यावरच मॉन त्याला ‘डाउन’ ठरवतो. म्हणजे त्या सर्व्हरवर ज्यांचा मुख्य ओएसडी होता त्या पीजींवरचं वाचन-लेखन वीस-पंचवीस सेकंद गोठतं आणि मग आपोआप सुटतं. हे दोष नाही, असंच असायला हवं. ज्या ॲप्लिकेशनचा टाइमआउट दहा सेकंदांचा आहे ते मात्र या वेळात त्रुटी देईल. तो टाइमआउट ६० सेकंदांवर न्या. सेफचे २० सेकंद कमी करण्याच्या फंदात पडू नका, कारण नेटवर्कच्या छोट्या अडखळण्यानेही ओएसडी वर-खाली व्हायला लागतील.

दहा मिनिटांनी, म्हणजे ६०० सेकंदांनी, बंद ओएसडी ‘आउट’ होतात आणि उरलेल्या सर्व्हरांवर प्रती भरायला सुरुवात होते. हा आकडा लक्षात ठेवा, कारण रीबूट किंवा मेमरी बदलायला दहा मिनिटांहून जास्त लागतात. ठरवून काम करायचं असेल तर आधी ‘सेफ ओएसडी सेट नोआउट’, किंवा त्याहून बरं, ‘सेफ ऑर्क होस्ट मेंटेनन्स एंटर’ आणि सर्व्हरचं नाव. काम झाल्यावर ‘एग्झिट’ करा. नोआउट तसंच विसरलं गेलं तर पुढच्या खऱ्या बिघाडात क्लस्टर स्वतःला दुरुस्तच करणार नाही.

तिसरा बिघाड एका स्विचची वीज. बाँडिंग नीट असेल तर काही सेकंदांत दुसऱ्या वाटेने वाहतूक चालू होते. नसेल तर ते आत्ताच कळलेलं बरं.

रोजचं दुखणं आणि उपाय

डिस्क गेली: ‘सेफ डिव्हाइस एलएस’वरून कोणता ओएसडी कोणत्या सिरियल क्रमांकाच्या डिस्कवर आहे ते काढा. ‘सेफ ओएसडी सेफ-टू-डिस्ट्रॉय’ विचारून होकार आल्यावर ‘सेफ ऑर्क ओएसडी आरएम’, क्रमांक आणि ‘रिप्लेस’. ‘रिप्लेस’मुळे तो क्रमांक राखून ठेवला जातो आणि नवी डिस्क त्याच जागी येते, डेटाची फालतू हलवाहलव वाचते. वर नियम ‘अनमॅनेज्ड’ केला असेल तर नवी डिस्क हाताने जोडावी लागेल.

‘स्लो ऑप्स’चा इशारा सतत येतोय: ‘सेफ ओएसडी पर्फ’ बघा. बहुतेक वेळा एकाच ओएसडीचा विलंब बाकीच्यांच्या कित्येक पट असतो. अर्धमेली डिस्क ही पूर्ण मेलेलीपेक्षा वाईट, कारण ती तिन्ही प्रतींच्या लेखनाला आपल्या चालीने चालायला लावते. स्मार्ट अहवालात त्रुटी दिसोत न दिसोत, तिला ‘आउट’ करून बघा.

‘पीजी इनकन्सिस्टंट’: सेफ मुळात रोज हलकी आणि आठवड्याला खोल तपासणी करतं, तिला स्क्रब म्हणतात. तीत एक प्रत बाकीच्यांशी जुळली नाही. आधी ‘रॅडॉस लिस्ट-इनकन्सिस्टंट-ऑब्ज’ने कोणत्या ओएसडीची प्रत चुकली ते बघा, मग ‘सेफ पीजी रिपेअर’. तोच ओएसडी पुन्हा निघाला तर डिस्क बदला.

क्लस्टर ९५ टक्क्यांवर अडकला: ‘सेफ ओएसडी सेट-फुल-रेशो ०.९७’ने थोडी फट मोकळी करा, नको असलेल्या इमेज काढा किंवा डिस्क वाढवा, आणि लगेच परत ०.९५. याहून वर नेऊ नका. डिस्क काठोकाठ भरली तर तो ओएसडी सुरूच होत नाही. ‘सेफ ओएसडी डीएफ’मध्ये एकच ओएसडी भरलेला आणि बाकीचे मोकळे दिसत असतील तर ‘सेफ बॅलन्सर स्टेटस’ बघा, तो ‘अपमॅप’ पद्धतीत चालू असायला हवा.

प्रती म्हणजे बॅकअप नव्हे

चुकून पुसलेली इमेज तिन्ही प्रतींतून त्याच क्षणी जाते. त्यासाठी ‘आरबीडी स्नॅप क्रिएट’ने रोज स्नॅपशॉट (इमेजची त्या क्षणाची गोठवलेली स्थिती) घ्या आणि ‘आरबीडी एक्सपोर्ट-डिफ’ने दोन स्नॅपशॉटमधला फरक तेवढा या क्लस्टरबाहेरच्या मशीनवर पाठवा. पहिली पूर्ण प्रत आणि नंतरचे फरक ओळीने ‘इम्पोर्ट-डिफ’ केले की इमेज परत उभी राहते. साखळीतला एक फरक हरवला तर त्यापुढचे सगळे निकामी, म्हणून आठवड्यातून एकदा पूर्ण प्रत घ्या आणि महिन्यातून एकदा ती खरोखर माउंट करून फाइल उघडून बघा. दुसरा क्लस्टर असेल तर आरबीडी मिररिंग स्नॅपशॉट पद्धतीने लावा, पण त्याने चुकून पुसलेल्या डेटाची सोय होत नाही, ती सोय स्नॅपशॉटचीच.

आवृत्ती बदलताना

‘सेफ ऑर्क अपग्रेड स्टार्ट’ आणि ‘सेफ-व्हर्जन’ एवढंच द्यायचं असतं. ते आधी मॅनेजर, मग मॉन, मग ओएसडी अशा क्रमाने, प्रत्येक टप्प्यावर ‘हे थांबवलं तर चालेल का’ असं विचारत पुढे जातं. आवृत्तीच्या मधल्या आकड्याकडे बघा: २ म्हणजे स्थिर, १ म्हणजे चाचणीची, ० म्हणजे विकसकांची. एका वेळी जास्तीत जास्त दोन मोठ्या आवृत्त्या पुढे जाता येतं, त्याहून जुना क्लस्टर असेल तर टप्प्याने जा. ‘हेल्थ ओके’ नसताना अपग्रेड सुरू करू नका. मध्येच काही अडलं तर ‘सेफ ऑर्क अपग्रेड पॉझ’ने थांबवा, कारण दुरुस्त करा आणि ‘रिझ्यूम’ द्या. अर्ध्या ओएसडी नव्या आणि अर्ध्या जुन्या आवृत्तीवर काही तास राहिल्या तरी क्लस्टर चालतो. मागच्या आवृत्तीवर परत जाण्याची सोय मात्र नाही, त्यामुळे वरचा बॅकअप अपग्रेडच्या आदल्या दिवशी ताजा हवा.